अनामत म्हणजे अमानत

'आपल्याच माणसाशी कागद कसला करायचा?' हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येते. उसने पैसे देताना, भावाभावांत दुकान काढताना, आणि घरातली एखादी खोली भाड्याने देताना तर हमखास. लिहून मागितले की समोरच्याला वाटते, आपल्यावर एतबार नाही. म्हणून आपण गप्प बसतो आणि दोन वर्षांनी सलाम-दुआसुद्धा बंद होते.

आमच्या मिरजेत दवाखाने आणि कॉलेजे भरपूर, त्यामुळे खोल्यांना मागणी असते. गेल्या वर्षी आमची वरची खोली रिकामी झाली. रत्नागिरीकडचे एक ओळखीचे गृहस्थ आपल्या मुलीसाठी विचारायला आले. ती नर्सिंगला होती. भाडे 3000 आणि अनामत 10,000 रुपये ठरले. मी कराराचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, पोरगी तुमच्या पदरात टाकतोय, आणि तुम्ही कागद मागता?" आमच्या सासूबाईही म्हणाल्या, "घरचीच लेक आहे, राहू दे ना."

मी त्यांना आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगितली. एका घरमालकांचा अचानक इंतकाल झाला. भाडेकरू म्हणाला, अनामत 30,000 दिली होती. मुलांना 20,000 माहीत. कागद कुठेच नाही. वडिलांच्या मानेवर कर्ज नको म्हणून मुलांनी 30,000 दिले. पण तो माणूस खरा होता की खोटा, हे त्यांना आजही ठाऊक नाही. तो खरा असेल, तर एका सच्च्या माणसावर उगीच संशय राहिला. वारसाहक्काची वाटणी कर्ज फेडल्यावरच होते, हे आपण सगळे जाणतो. पण कर्ज किती, हे सांगणारा कागद तर हवा!

सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत. ती नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असा तिचा आदेश आहे. त्यात एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्याने, म्हणजे ज्याच्यावर हक्क येतो त्याने. आता पाहा, अनामतीच्या बाबतीत देणेकरी कोण? आम्ही, घरमालक! मी त्या गृहस्थांना म्हटले, "भाईजान, हा कागद तुमच्यावर संशय म्हणून नाही. तुमचे 10,000 आमच्याकडे आहेत, हे आम्हाला लिहून द्यायचे आहे." त्यावर ते हसले आणि खिशातून आधार कार्ड काढले.

मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्याने आणखी एक गोष्ट सांगते. आपण 'अनामत' म्हणतो तो शब्द मूळचा 'अमानत'च आहे. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली, जबाबदारी मात्र तीच राहिली.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे असेल तर आपण सिद्ध करायचे. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च म्हणाल तर एकूण भाडे आणि अनामतीवरचे वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे व्याज धरून, त्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. आमच्या 11 महिन्यांच्या करारात ते शंभर रुपयांच्या आत आले. महापालिका हद्दीतली नोंदणी फी 1000. नोंदणी ऑनलाइन झाली, दोन साक्षीदारांसह.

भाड्याची तारीख, वीजबिल कोणी भरायचे, खोली सोडताना एक महिना आधी सांगणे, अनामत परत करण्याचा दिवस आणि त्यातून काय कापायचे, हे सर्व आम्ही लिहिले. रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो आणि पाहुणे कोण येऊ शकतात, तेही लिहिले. तरुण मुलीला रोज टोकण्यापेक्षा हे बरे.

सातव्या महिन्यात तिच्या वडिलांची तब्येत बिघडली आणि तिला गावी परतावे लागले. अशा वेळी पैशांचे बोलायला दोघांनाही संकोच वाटला असता. कागद काढला, 640 रुपये वीजबिल वजा केले आणि उरलेली अनामत तिच्या हातात ठेवली. महिनाभर आधी सांगण्याची अट आम्ही माफ केली. माफ तरी काय केले, हे लिहिलेले होते म्हणूनच दोघांना कळले.

एतबार दिलात असतो, पण रक्कम आणि तारीख दिलात राहत नाही. माणूस विसरतो, आजारी पडतो, एक दिवस जातो. मागे राहणाऱ्यांच्या हाती आपला शब्द तसाच पोहोचावा, एवढ्यासाठी तो लिहायचा.