चिमटीतली गाय

कुरणात दूरवर चरणारी गाय दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखी दाखवणारा फोटो पाहून लोक साधारण तीन गोष्टी बोलतात. पोरकटपणा आहे, हे एक. एआयने केलंय, हे दुसरं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त झोंबतं, ते म्हणजे ‘असले फसवे फोटो काढू नयेत, लोकांना खरं वाटतं’. पोरकट म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तळहातावर मेंढी उभी करून दाखवण्यात पोरकटपणा आहेच आणि तो तसा असण्यातच मजा आहे. पण फसवा? जनावरांची चित्रं आणि फोटो काढण्याचा जो काही दोन-सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आपल्यासमोर आहे, त्यात इतका सरळ हिशेब देणारा दुसरा प्रकार मला सापडत नाही. ज्यांना आपण खरी, कामाची, गंभीर चित्रं म्हणतो त्यांनी खरेदीदाराला, वाचकाला आणि एकदा तर अख्ख्या जगाला जितकं चकवलं, तितकं या चिमटीतल्या गायीने कुणाला चकवलेलं नाही.

आधी ही युक्ती चालते कशी ते पाहू. माणसाला दोन डोळे असतात आणि दोघांना थोडं वेगवेगळं दृश्य दिसतं; त्या फरकावरून जवळच्या वस्तूचं अंतर कळतं. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्यामुळे फोटोत अंतर ओळखायला दुसऱ्या खुणा लागतात: मधली जमीन, सावल्या, हवेतला धुरकटपणा, आणि जनावराचे खुर जमिनीला कुठे टेकलेत ती रेघ. युक्ती करणारा या खुणा एकेक करून झाकतो. तो गुडघ्यावर बसतो, म्हणजे मधलं गवत चेपून एका पट्टीएवढं उरतं. तळहाताची कड बरोबर खुरांच्या रेघेवर आणतो. केसभर फट राहिली तरी सगळं ढोंग उघडं पडतं. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा लागतो, कारण तो मागचं जाणूनबुजून धूसर करतो आणि धूसर गाय हातावर उभी राहत नाही. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे हात आणि गाय दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मोठ्या कॅमेऱ्यावर त्यासाठी अ‍ॅपर्चर एफ-16 पर्यंत बारीक करावं लागतं. पाऊस पडून गेल्यावरची धुतलेली हवा उत्तम. एवढं जमवूनही शेवटचा शब्द जनावराचाच. मेंढ्या माणूस दिसला की पांगतात. कालवडी उलट कुतूहलाने सरळ अंगावर चालून येतात, आणि तळहातावरची गाय बघता बघता कोपरापर्यंत वाढते. दुपारी रवंथ करत बसलेलं जनावर मिळालं तर नशीब.

ही करमणूक मूळची इंग्लंड-वेल्सकडचीच, असं मला वाटतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांच्या हक्काच्या पायवाटा आणि घोडवाटा मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या कितीतरी थेट कुरणांतून जातात. जनावरं मोकळी, कुंपण लांब, जमीन चढउताराची, आणि राखणारा माणूस जवळपास नाही. तिथली आपली मराठी मंडळीही सुटीच्या दिवशी याच वाटा तुडवतात. आपल्याकडे गाय सहसा खुंट्याला असते, आणि तळहातावरच्या गायीच्या गळ्यातून निघालेलं दावं मनगटाच्या पलीकडे कुठेतरी गेलेलं दिसलं की विनोद वेगळ्याच दिशेला जातो. मोकळा कळप दिसला तर बरोबर धनगर किंवा गुराखी असतो. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या जनावरांचे फोटो काढू नयेत, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. पडते.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. समजा फोटो काढणाऱ्याचाच डावा हात पुढे आहे. तो लेन्सपासून साधारण 60 सेंटीमीटरवर असतो. त्यावर उभी दिसणारी गाय बोटाच्या मापाने 4 सेंटीमीटर भरते. खरी गाय खांद्यापाशी 140 सेंटीमीटर धरा. म्हणजे ती 35 पट लहान दिसते आहे, तर ती हाताच्या 35 पट लांब असणार: 60 गुणिले 35, बरोबर 21 मीटर. सहावीतल्या मुलाला जमेल असं त्रैराशिक. फोटो काढणारा कुठे बसला होता, गाय कुठे होती, सगळं त्या एका चित्रात लिहिलेलं आहे. ज्या खोट्यात ते उलगडायची किल्लीही त्याच्याबरोबर हातात दिली जाते, त्याला फसवणूक म्हणायचं कसं? शिवाय चित्रातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी तिथे होती. हात होता, गाय होती, दोघांवर पडलेलं ऊनही एकच होतं. कापाकापी नाही, चिकटवणं नाही.

याच्या शेजारी त्याच इंग्लंडातली ‘गंभीर’ चित्रं ठेवून पाहा. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तिथे पैदाशीच्या जनावरांची चित्रं काढून घेण्याची लाट आली होती. ही चित्रं पाहिली की हसू येतं: पेटीसारखं चौकोनी धड, काडीसारखे पाय आणि त्या डोंगराला चिकटवलेलं इवलंसं डोकं. पण ती विनोदासाठी काढलेली नव्हती. मालकाला आपल्या जातीची जनावरं विकायची होती, वळूचा भाव वाढवायचा होता. 1796 मध्ये जन्मलेला ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा बैल खास बनवलेल्या गाडीत घालून वर्षानुवर्षं देशभर फिरवला गेला, आणि जॉन बोल्टबी या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या चित्राच्या छापील प्रती 1802 पासून घरोघर गेल्या. बैल खरोखरच अवाढव्य होता, नाही असं नाही. पण चित्रात मालकाची हौस किती आणि बैल किती, हे आज कुठल्याही त्रैराशिकाने काढता येत नाही. किल्लीच नाही. थॉमस ब्यूइक हा लाकडावर कोरीवकाम करणारा त्या काळचा मोठा कलावंत. त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की मेंढ्यांची चित्रं काढायला त्याला बोलावलं, आणि त्याने जसं दिसलं तसं काढलं तर ते मालकांच्या पसंतीस उतरलं नाही. त्यांना इथे थोडी, तिथे थोडी अशी चरबी वाढवून हवी होती. आपल्याला जिथे दिसत नाही तिथे चरबीचे गोळे काढणार नाही, असं म्हणून तो बाजूला झाला. इतरांना अशी अडचण वाटली नाही, आणि चित्रं निघत राहिली. या चित्रांना आज कुणी फसवी म्हणत नाही. ती संग्रहालयांत सोनेरी चौकटीत टांगलेली आहेत. फसवी ठरते ती कुणाच्याही खिशाला एका पैशाची तोशीस न लावणारी चिमटीतली गाय. हा न्याय मला कळत नाही. जनावराचा व्यवहार करणाऱ्यांनी चित्रावर कधी भिस्त ठेवलीही नसावी म्हणा. आपल्या बैलबाजारातला जुना गिऱ्हाईक बैलाच्या रुबाबाकडे पाहतो खरा, पण भाव बोलण्याआधी तोंड उघडून दात मोजतो. आदत की दुसा की चौसा, म्हणजे बैलाचं वय, तोंडात सापडतं. मोबाइलवरून गाय विकत घेणाऱ्याला ही सोय नाही. खाली बसून, जवळ जाऊन, रुंद लेन्सने मागून काढलेल्या फोटोत कास कितीही मोठी दाखवता येते, आणि तो फोटो विनोद म्हणून काढलेला नसतो.

यावर कुणी म्हणेल, मालकाचा स्वार्थ होता म्हणून चित्रं खोटी झाली. सरळ हेतूने काढलेला सरळ फोटो तरी खरा मानाल की नाही? तर नोव्हेंबर 2018 मधला ‘निकर्स’ आठवा. पश्चिम ऑस्ट्रेलियातला हा होल्स्टिन जातीचा बैल, उंची 194 सेंटीमीटर, वजन 1400 किलोच्या आसपास. कळपाच्या मधोमध तो हत्तीसारखा उभा आहे आणि बाकीच्या गायी त्याच्या गुडघ्याशी घोटाळताहेत, असं ते दृश्य जगभर फिरलं. बैल इतका मोठा होता की कत्तलखान्याच्या यंत्रांत बसेना, म्हणून बिचारा वाचला. या चित्रीकरणात कसलीही युक्ती नव्हती. तरीही लोकांनी जो राक्षस पाहिला तो खऱ्या बैलाहून मोठा होता, कारण भोवतालचा कळप होता त्यामानाने लहान चणीच्या वाग्यू जातीचा, आणि त्यातही निकर्सहून बऱ्याच लहान वयाच्या जनावरांचा. बघणाऱ्याने ‘गाय म्हणजे एवढी’ असं आपलं माप मनात धरलं आणि बैल त्या मापाने वाढवला. 194 सेंटीमीटर म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतका खांदा. हे दांडगंच आहे, पण इटलीच्या कियानिना जातीत याहूनही उंच बैल झालेला आहे. म्हणजे खरा फोटो, खरा बैल, स्वच्छ हेतू, आणि तरी जग चकलं. चिमटीतली गाय पाहून मात्र गाय खरंच चार सेंटीमीटरची असते असं मानणारा माणूस मला अजून दाखवा.

एआयचा आक्षेप थोडक्यात निकालात काढतो. दहा सेकंदांत तसंच चित्र मिळत असताना माळावर गुडघे कशाला चिखलात घालायचे? कारण त्या चित्रातली गाय कुठेच उभी नव्हती, आणि तिचं अंतर मोजून उत्तर आलं तरी ते कशाचंच नसतं. जनावराचा अपमान होतो, त्याचं खेळणं होतं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की या प्रकारात जनावर लांब असावंच लागतं. गळ्यात हात टाकून, शिंगं धरून, वासराला ओढून सेल्फी काढणाऱ्यांपेक्षा 21 मीटरवर बसलेला माणूस गायीला केव्हाही परवडला. वासरू बरोबर असलेल्या गायीच्या बाबतीत तर ते त्या माणसाच्याही हिताचं आहे.

एक आक्षेप मात्र मला असा सहज झटकता येत नाही, आणि तो कुणी घेण्याआधी मीच घेतो. माझं सगळं त्रैराशिक त्या 140 वर उभं आहे. कुरणात होल्स्टिनऐवजी आयर्लंडची डेक्स्टर गाय असेल तर? तिची उंची मीटरभर. मग 21 मीटरचे 15 होतात. आंध्रातली पुंगनूर असेल आणि 80 सेंटीमीटर भरली, तर 12. म्हणजे किल्ली चित्रात आहे असं मी वर छातीठोकपणे म्हटलं, ते पुरतं खरं नाही. अर्धी किल्ली बघणाऱ्याच्या डोक्यात असावी लागते, आणि ती तिथे येते गायी पाहून, त्यांच्याजवळ उभं राहून. ‘फादर टेड’ या आयर्लंडमधल्या विनोदी मालिकेच्या 1996 सालच्या एका भागात पावसाने कॅराव्हॅनमध्ये कोंडलेला टेड हातात खेळण्यातल्या गायी घेऊन भोळ्या डूगलला समजावत असतो की या लहान आहेत आणि बाहेरच्या लांब आहेत. डूगलला काही केल्या कळत नाही, आणि आपण हसतो. ज्या पिढीने दूध पिशवीतूनच पाहिलंय तिला डेक्स्टर आणि होल्स्टिन शेजारी उभ्या करून दाखवल्या, तर लांब कुठली आणि लहान कुठली हे ती कशावरून सांगणार? तेव्हा ‘लोकांना खरं वाटतं’ म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. फक्त त्यावर फोटो काढणं बंद करा हा त्यांचा उपाय मला पटत नाही. रविवारी पोरांना घेऊन माळावर जा, राखणाऱ्याला विचारा, गाय चिमटीत धरून फोटो काढा, आणि मग तिच्यापर्यंतची पावलं त्यांना मोजायला लावा.