पांढरं आभाळ

माझ्या जुन्या अल्बममधल्या सह्याद्रीवर आभाळच नाही. हरिश्चंद्रगड आहे, राजगडाची सुवेळा माची आहे, कुठल्याशा टाक्याकाठी डबे उघडून बसलेली आमची टोळी आहे, आणि या सगळ्यांच्या वर नुसता कोरा पांढरा कागद. नव्वदच्या दशकात ज्यांनी साध्या कॅमेऱ्याने डोंगर टिपले, त्यांच्या घरी असेच अल्बम असणार. कॅमेरा स्वस्तातला, म्हणून असं होतं, अशी आमची समजूत होती.

निम्मं कारण डोंगरातच होतं. सह्याद्री काळा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट उजेड गिळून बसतो, भिजला तर आणखीच. आणि त्याच्यावरचं आभाळ, पाऊस ओसरल्यानंतरचे थोडे दिवस सोडले तर, निळं असं फारसं नसतंच. पावसाळ्यात ढग खाली उतरलेले. उन्हाळ्यात धूळ, समुद्राकडून येणारा दमटपणा, शेतात राब भाजल्याचा धूर, वणव्यांचा धूर. हवेतले हे जाडसर कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून आभाळ पांढुरकं दिसतं. काळाभोर कडा आणि असं आभाळ एका चौकटीत बसवायचं म्हटलं, की कागद दोघांपैकी एकालाच न्याय देऊ शकतो.

उरलेलं निम्मं कारण मला डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये कळलं. मी तिथे रोल धुवायला टाकायचे. एकदा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे फोटो घेताना मी कुरकुरले, तर काउंटरमागच्या काकांनी निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, “आभाळ आहे की यात. मशीनने खाल्लंय.” प्रिंट काढणारं यंत्र सगळ्या चौकटीची सरासरी काढतं. कडा फार काळा आहे असं त्याला वाटलं, की ते अख्खी कॉपी उजळ करतं आणि त्यात आभाळ उडून जातं. काकांनी डेन्सिटी वाढवून तीच निगेटिव्ह पुन्हा छापली. कडा कोळशासारखा आला, पण त्याच्या वर ढगांच्या तीन रांगा होत्या. माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या, आणि मी विसरलेल्या.

म्हणजे माझे फोटो इतके दिवस कोणीतरी एडिट करतच होतं, फक्त त्याला डोंगर माहीत नव्हता. ‘मी फोटोला हात लावत नाही, कॅमेऱ्यातून आला तसाच ठेवते’ असं अभिमानाने सांगणारे आजही भेटतात. त्यांच्या वतीने हात लावणारं यंत्र त्यांना दिसत नाही, एवढंच. आजच्या फोनमध्ये तर बटण दाबल्यावर अनेक चौकटी घेतल्या जातात, एकीतलं आभाळ आणि दुसरीतला कडा जोडून समोर ठेवला जातो, आणि आपण म्हणतो, वा, कॅमेरा भारी आहे.

त्याच सुमारास एका मैत्रिणीच्या दादाने घरातलं बाथरूम रात्रीपुरतं डार्करूम करायला सुरुवात केली होती. लाल दिवा, बादलीवर फळी टाकून ठेवलेला एन्लार्जर, हायपोचा वास आणि बाहेरून त्याच्या आईच्या हाका. कृष्णधवल छपाईत आभाळ गडद करायचं, तर कड्याला लागेल तेवढा उजेड कागदाला द्यायचा, मग कडा पुठ्ठ्याने झाकून आभाळाला आणखी काही सेकंद द्यायचे. हा पुठ्ठा सतत हलता ठेवायचा. हात थांबला की डोंगराच्या कडेने उजळ रेघ उमटते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं, इथे कोणीतरी काहीतरी केलंय. सह्याद्रीचे सपाट कातळमाथे या कामाला सोपे. लिंगाण्यासारखा सुळका आला, की दादा शिव्या द्यायचा.

ही धडपड फार जुनी आहे हे नंतर वाचनातून कळलं. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार 1866 मध्ये हिमालयातल्या 18,600 फुटांवरच्या मणिरंग खिंडीत काचेच्या प्लेटा आणि रसायनं हमालांच्या पाठीवर चढवून गेला. त्या काळची ओली प्लेट निळ्या रंगाला फाजील संवेदनशील होती. डोंगराला पुरेसा उजेड मिळेपर्यंत आभाळ जळून पांढरं व्हायचं. त्याच्या आधी दहाएक वर्षं फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने यावर तोड काढली होती: समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, दोन्ही एका कागदावर. लोक थक्क झाले. कधीकधी एकच आभाळ तो दोन वेगळ्या समुद्रांवर वापरायचा. आभाळ उसनं आणायची कला फोटोशॉपहून शंभर वर्षांनी तरी थोरली आहे.

पण मला जवळचा वाटतो तो अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल अॅडम्स. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा फोटो जगभर माहीत आहे. सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये वरच्या आभाळात फिकट ढगांचे पट्टे दिसतात. पुढची तीसेक वर्षं तो तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापत राहिला आणि आभाळ गडद करत करत जवळजवळ काळं करून टाकलं. गंमत पुढे आहे. हा फोटो कधी काढला हे त्याच्या नीट लक्षात नव्हतं, वेगवेगळ्या ठिकाणी तो वेगवेगळी सालं सांगायचा. त्याच्या मृत्यूनंतर, 1991 मध्ये, खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून हिशेब मांडला आणि तारीख काढली: 1 नोव्हेंबर 1941, संध्याकाळी पाचच्या थोडं आधी. आभाळाचा रंग पार पालटला होता, तरी त्यातली वेळ शाबूत होती, कारण त्याने चंद्राला हात लावला नव्हता. एडिटिंगची माझी सगळी नीती या एका फोटोत मावते.

आता माझ्याकडे बाथरूम नाही, लॅपटॉप आहे. रॉ फाइल उघडली, की काकांनी ट्यूबलाइटसमोर पट्टी धरल्याचंच सुख मिळतं: जे पडद्यावर पांढरं दिसतंय, त्यात अजून काय आहे ते बघायचं. हायलाइट खाली ओढले, की ढग परत येतात. डोंगरधारेच्या वर गडद छटेचा पडदा सोडायचा, पण धारेला टेकवायचा नाही, थोडा वरच थांबवायचा. नाहीतर तीच ती उजळ रेघ.

माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते धुकटपणा काढून टाकणाऱ्या पट्टीशी, म्हणजे डीहेझशी. रतनगडाच्या नेढ्यात बसून उत्तरेकडे पाहिलं, की अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे असतात, उजवीकडे कळसूबाई. डिसेंबरच्या सकाळी प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा एकेक छटेने गडद असते आणि अंतर कळतं ते त्या धुरकटपणामुळेच. ती पट्टी सरकवली, की 1646 मीटरची कळसूबाई एकदम अंगणात येऊन उभी राहते. सगळं लख्ख आणि सगळं एकाच अंतरावर. तो डोंगर चालायला किती वेळ लागेल हे त्या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. मी ती पट्टी कधीकधी उलटी, डावीकडे नेते. थोडं धुकं वाढवते. होय, हेही एडिटिंगच. पण नेढ्यात बसल्यावर दिसतं त्याच्या ते जास्त जवळ जातं.

2020 च्या अखेरीस फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर आभाळ बदलायची सोय आली. माझ्या भाच्याने ती लगेच माझ्याच फोटोवर करून दाखवली.

“मावशी, बघ आता. कसलं फ्लॅट होतं आधी.”

रतनगडाच्या त्याच डिसेंबरच्या फोटोवर त्याने फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगलेले, पोटाशी काळे झालेले ढग आणून ठेवले होते. आणि काम सफाईचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. धारेवर रेघ नाही, खालच्या गवतावरही त्या आभाळाचा रंग उतरलेला. दादाने बघितलं असतं तर पुठ्ठा फेकून दिला असता.

“हे वळवाचे ढग आहेत,” मी म्हटलं. “एप्रिल-मेमधले. दुपारनंतर चढतात.”

“पण कोणाला कळतंय?”

प्रश्न रास्त होता आणि मी बरेच दिवस त्यावर विचार केला. घाटावरचं आभाळ म्हणजे सजावट नाही. वळवाचा ढग उंच चढतो आणि गडगडतो. असा ढग दिसला, की उघड्या माथ्यावरून उतरायचं असतं. जुलैचा ढग पश्चिमेच्या वाऱ्याने येऊन कड्याला धडकतो, त्याला आकारच नसतो, आणि त्याच वाऱ्याने नाणेघाटात धबधब्याचं पाणी खाली पडण्याऐवजी वर उडतं. सप्टेंबरात दरीभर ढग साचतो आणि माथा उन्हात असतो. कोकणकड्यावरचं इंद्रवज्र घ्या. कर्नल साइक्सने हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या अशा गोल इंद्रधनुष्यांचं वर्णन 1835 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि धुकं समोर दरीत लागतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सूर्य पाठीशी हवा म्हणजे सकाळच हवी. समोर मावळता सूर्य आणि त्याच्याच खाली दरीत इंद्रवज्र, असं चित्र कोणी बनवलं, तर त्यात दोन सूर्य मानावे लागतील. दिसायला ते सुंदर असेलही. पण मग त्याला चित्र म्हणा, माझी काही हरकत नाही. मला स्वतःला अशी चित्रं करायला आवडतात. कुलंगच्या पायऱ्या जांभळ्या केलेलं एक चित्र माझ्या स्वयंपाकघरात लावलेलं आहे, आणि ते कुलंग आहे असं मी कोणाला सांगत नाही.

फोटो म्हणून पाठवलेल्या गोष्टीकडे मात्र आपल्याकडचे लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे मला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत समजलं. आम्ही मुक्कामाला असायचो त्या घरातल्या मामांना मी फोनवर मागच्या खेपेचा फोटो दाखवला. आभाळावर मी बरीच मेहनत घेतलेली. मामांनी आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन बोटांनी खालचा कोपरा मोठा केला आणि म्हणाले, “भात काढून झालंय की. दिवाळीच्या मागचा हाय.” मग कोपऱ्यातल्या ओढ्याकडे बोट करून, “इथवर पानी होतं तवा.” एवढं बोलून फोन परत दिला.

डोंगरात जाणारी मुलंही आता असाच फोटो वाचतात, फरक इतकाच की त्यांना मामांसारखं वाचता येत नाही. ग्रुपवर आलेला हिरवागार गड बघून मे महिन्यात निघतात. गवताची हिरवी पट्टी ओढून फोटो टाकणाऱ्याला वाटतं, आपण डोंगराचं कौतुक केलं. वर पोचलेल्यांना पिवळं गवत, तापलेला कातळ आणि तळ गाठलेलं टाकं भेटतं, आणि पाठीवर लिटरभर पाणी. सह्याद्रीतल्या फोटोंमध्ये मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो हा हिरवा रंग. आभाळाचा नंबर त्यानंतर.

म्हणून एक विनंती. फोटो हवा तसा रंगवा, गडद करा, उजळा, मन भरेपर्यंत पट्ट्या ओढा. पण तो ग्रुपवर टाकताना खाली गडाचं नाव, महिना आणि सकाळ की संध्याकाळ एवढं लिहा. आभाळ बदललं असेल तर तेही लिहा. आणि टाक्यात पिण्याजोगं पाणी होतं की नव्हतं, ते सगळ्यांत आधी.