मागे सरण्याची कृपा



सगळे लोक आता येशूकडे जात आहेत, अशी तक्रार घेऊन शिष्य बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले. योहानाला मात्र त्यात आनंदच होता. प्रभूचे कार्य वाढावे आणि आपण मागे सरावे, एवढीच त्याची इच्छा होती (योहान ३:२२-३०).

हा उतारा शिकवताना आम्ही मुलांना डेव्हिड रॉबिन्सन या अमेरिकन बास्केटबॉलपटूविषयी सांगतो. उंची सात फूट एक इंच! १९८७ साली सॅन अँटोनिओ स्पर्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकाने निवडले. पण नौदलातील सेवा पुरी करूनच तो १९८९ मध्ये संघात आला. १९९१ मध्ये त्याने आपले जीवन ख्रिस्ताला वाहिले. १९९४ मध्ये त्याने एकाच सामन्यात ७१ गुण केले. पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. विजेतेपद मात्र हुलकावणी देत राहिले.

१९९७ मध्ये टिम डंकन हा तरुण संघात आला आणि रॉबिन्सनने त्याला जागा करून दिली. एका मोसमात सामन्यामागे २९.८ गुण करणारा हा खेळाडू १९९९ मध्ये १५.८ वर आला. त्याच वर्षी स्पर्सने पहिले विजेतेपद मिळवले आणि अंतिम फेरीचा मानकरी ठरला डंकन! २००३ च्या दुसऱ्या विजेतेपदाच्या मोसमात रॉबिन्सनची सरासरी ८.५ होती. वय आणि पाठीचे दुखणे होतेच; पण मान दुसऱ्याला मिळतो म्हणून त्याने खेळातून मन काढून घेतले नाही. दरम्यान २००१ मध्ये त्याने पत्नी व्हॅलरीसह सॅन अँटोनिओत गरीब वस्तीतील मुलांसाठी कार्व्हर अकॅडमी ही शाळा सुरू केली.

आपल्या सुरतेत हा प्रश्न रोजचाच आहे. खानदेशातून, वसईतून पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी येथे मराठी प्रार्थना जिवंत ठेवली. आज मुले आपसांत गुजराती-हिंदी बोलतात. पेटी, वाचन, भक्तीचे नियोजन त्यांच्या हाती द्यायचे, तर उच्चार चुकतील, चाली बदलतील. आणि दिले नाही, तर पुढे मराठीत गाणारे उरणार कोण? आम्हा चाळिशीतल्या शिक्षकांनाही जागा सोडणे जड जाते. पण हे कार्य प्रभूचे आहे, आपल्या मालकीचे नाही.

येत्या रविवारी एक वाचन एखाद्या तरुणाला देऊ या, आणि आपण पुढच्या बाकावर बसून मन लावून ऐकू या.

हे प्रभो, आम्हांला सेवा करण्याचे बळ दे, आणि वेळ येताच आनंदाने मागे सरण्याची कृपाही दे. आमेन.