आर्णीचा बाजार आणि कपाशीचा मुलूख

सुटी लागली की आपल्या घरांत खुलताबाद, महाबळेश्वर, फार तर ताडोबा अशी नावे निघतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावी जाऊन राहावे, असे सहसा कुणी म्हणत नाही. दिवाळीनंतर आम्ही मुलांना घेऊन दोन दिवस आर्णीला मामूंकडे राहिलो. अंगावरचा सदरा ज्या झाडापासून येतो, ते झाड मुलांनी पाहावे एवढाच हेतू होता.

यवतमाळहून आर्णी सुमारे ४० किलोमीटर. वर्धा, यवतमाळ, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ गावाजवळूनच जातो, त्यामुळे एस.टी. सहज मिळते. शहर मागे पडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर पांढरी फुटलेली कपाशी. मधूनमधून तुरीच्या ओळी, दूरवर सागाचे डोंगर. एका शेताशी आम्ही थांबलो. बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हात थांबत नव्हता. धाकटीने बोंडातला कापूस ओढून पाहिला आणि आत सरकी लागली तेव्हा म्हणाली, "अम्मी, यात तर बिया आहेत!" जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. एक क्विंटल कापसातून रुई निघते ती जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी बहुतेक सरकीच.

गाव अरुणावती नदीच्या काठी आहे. हीच नदी वर दिग्रसजवळ धरणात अडवली आहे आणि पुढे ती पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही जुनी सरहद्द. इकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. वऱ्हाडही निजामाचेच होते, पण १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. या जिल्ह्याचे नाव पूर्वी वणीवरून 'वुन' असे होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले.

या इतिहासाची खूण बाजारात कानांना ऐकू येते. भाजीवाली वऱ्हाडीत भाव सांगते, तांड्यावरून आलेल्या बंजारा बाया आपसांत गोरमाटीत बोलतात, आणि आपले बागवान, आतार गिऱ्हाईक पाहून मराठी की दखनी ते ठरवतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, घाटंजी-केळापूरच्या बाजूला गेलात तर गोंडी आणि कोलामीही ऐकू येते. एकमेकांची भाषा पूर्ण येत नसली तरी व्यवहार अडत नाही.

बाबा कंबलपोष यांचा दर्गा ही आर्णीची मोठी ओळख. कंबलपोष म्हणजे कांबळे पांघरणारा. दर्ग्याच्या यात्रेला मुसलमानांइतकेच हिंदू शेतकरीही येतात. कुणी फातिहा पढतो, कुणी नारळ घेऊन येतो. जोहरची नमाज पढून आम्ही तिथे गेलो तेव्हा बाहेर दोन शेतकरी कापसाच्या भावाचीच चर्चा करीत बसले होते.

ती चर्चा समजून घेण्यासारखी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. पण भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवर गेला तर माल घेतलाच जात नाही. पाऊस लांबला की पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो. ज्याच्या घरात वाळवायला जागा आहे आणि उधारी फेडायची घाई नाही, तो थांबू शकतो. ज्याला दुकानदाराचे बियाण्याचे पैसे द्यायचे आहेत, तो खासगी व्यापारी देईल त्या भावाला गाडी रिकामी करतो. हमीभाव दोघांना सारखाच जाहीर झालेला असतो. पदरात मात्र सारखा पडत नाही. त्यातच २०२५ च्या ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले होते, त्याचीही धास्ती त्यांच्या बोलण्यात होती.

बाजाराच्या कडेला एका पिंजारी चाचांचे दुकान होते. पूर्वी पिंजारी खांद्यावर धनुष्यासारखे पिंजण घेऊन दारोदार फिरत आणि त्या तातीचा आवाज ऐकून बाया जुन्या गाद्या बाहेर काढत. आता चाचांकडे मशीन आहे, पण काम निम्म्यावर आले आहे. मी विचारले, "चाचा, मुलं करतात का हे काम?"

"नाही बेटा. एक पुण्याला गेला, एक गाडी चालवतो. लोक आता फोमची गादी घेतात. पण घरात बाळ आलं की छोट्या गादीसाठी माझ्याकडंच येतात. लेकराला कापूसच पाहिजे म्हणतात."

आम्ही त्यांच्याकडून दोन रजया भरून घेतल्या. भाव करायला मामूंनी मनाई केली होती.

तुम्ही गेलात तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या, मुलांना शेतात उतरू द्या. एक दिवस हाताशी असेल तर पांढरकवड्याकडचे टिपेश्वर अभयारण्य पाहता येते. आणि थंडीची रजई घ्यायचीच असेल, तर ती पिंजाऱ्याकडून भरून घ्या. शेतकरी आणि कारागीर, दोघांचाही त्यात हिस्सा असतो.