जनसुनावणीचे सात भाग आणि न दिसणाऱ्या फाइली

मंडळी, गेल्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी फोन करून विचारलं, "त्या जनसुनावणीचा व्हिडिओ तुमच्याकडे आहे ना, मग दाखवत का नाही?", त्या सगळ्यांना इथंच एकदा उत्तर देतो. व्हिडिओ होता, आहे. टीव्हीवर दिसत नव्हता, एवढंच. का दिसत नव्हता ते जरा लांबण लावूनच लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरी लग्नाच्या, जत्रेच्या, पुराच्या फाइली कुठल्यातरी डिस्कवर पडून आहेत त्यांनी वाचाच.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. २०१३ साली शेजारच्या गावात आसवनी प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली होती. आता त्याच प्रकल्पाला क्षमता वाढवायची आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी लागली आहे. विहिरींचं पाणी तांबूस झालंय की नाही यावर मी इथं भांडण लावत नाही, ते तपासणीचं काम. पण गेल्या वेळी लोकांनी काय विचारलं आणि व्यासपीठावरून काय कबूल केलं गेलं, हे पुन्हा बोलायला उभं राहणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं की नाही?

माझ्याकडे वीसेक वर्षांचं गावातलं चित्रीकरण आहे. ते घरातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून जेलीफिन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावलंय. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरचा कोड मालकांनी बंद केला, तेव्हा २०१८ च्या शेवटी काही जणांनी जुन्या खुल्या कोडवरून हे वेगळं काढलं. घरच्या वायफायवर टीव्ही लावला की सिनेमांची असते तशी चित्रांची यादी समोर येते. बटण दाबलं की चालू. संध्याकाळी चार माणसं येऊन बसू शकतात, पेनड्राइव्ह शोधत बसावं लागत नाही.

तर त्या यादीत सुनावणी नव्हती. सुनावणीच काय, अर्धी काळी हार्डडिस्कच नव्हती. पहिली शंका सगळ्यांना येते तीच मला आली, डिस्क गेली. पण त्याच कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये फाइल उघडली तर व्यवस्थित चालली. हे ज्यांना अडचण आहे त्यांनी सगळ्यात आधी करून बघावं. फाइल चालतेय पण यादीत येत नाही, म्हणजे फाइल जिवंत आहे आणि भानगड यादी करणाऱ्याची आहे.

लिनक्समध्ये जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही. त्याचा स्वतःचा वेगळा वापरकर्ता असतो. आपण यूएसबी डिस्क जोडली की उबुंटू ती 'मीडिया' फोल्डरच्या आत आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडतं, आणि त्या फोल्डरचं दार फक्त आपल्यालाच उघडं असतं. वाड्यासारखं आहे बघा. माजघरातली पेटी सगळ्यांना उघडी ठेवलीत, पण दिंडीदरवाजाच बंद, तर पाहुणा पेटीपर्यंत पोचणार कसा? वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची परवानगी लागते. त्यात डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची असेल तर नंतर परवानग्या बदलून काही होत नाही. डिस्क जोडतानाच, एफएसटॅब नावाच्या फाइलीत, ती कोणाला वाचता येईल हे लिहावं लागतं. ते केलं, पुन्हा स्कॅन लावलं, आणि सकाळपर्यंत डिस्क दिसायला लागली.

सगळी नाही पण. २००६ च्या जत्रेची व्हीसीडी आपल्या केबलवाल्याने काढली होती, आठवत असेल. व्हीसीडीत व्हिडिओची फाइल असते ती डॅट नावाने संपणारी. जेलीफिन शेपटीवरून ओळखतं आणि डॅट हे शेपूट त्याच्या यादीतच नाही. प्रत करून शेवटी एमपीजी केलं, आत काही बदलायची गरज पडली नाही. मग दिसली. दिसली कशी, तर भरत जाधवच्या पोस्टरसकट! फाइलीचं नाव होतं 'जत्रा २००६', आणि त्याच वर्षी केदार शिंदेंचा त्याच नावाचा सिनेमा आला होता. लायब्ररी सिनेमांची आहे असं सांगितलं की हे सॉफ्टवेअर इंटरनेटवर जाऊन सिनेमाच शोधतं. आमच्या पालखीला सिनेमाचं पोस्टर बघून घरातली पोरं दोन दिवस हसत होती. यावर उपाय सोपा, लायब्ररीचा प्रकार 'होम व्हिडिओज' ठेवायचा. मग ते बाहेर कुठं विचारायला जात नाही.

मुलाखतींनी मात्र पुरता छळ केला. सुनावणीच्या आधी आणि नंतर शेतकऱ्यांशी बोलून घेतलेल्या एकोणीस क्लिप एका फोल्डरमध्ये होत्या आणि फोल्डरचं नाव इंग्रजीत 'इंटरव्ह्यूज'. एकही क्लिप यादीत नाही. सिनेमांच्या पद्धतीत 'इंटरव्ह्यूज', 'ट्रेलर्स', 'एक्स्ट्राज' अशी काही नावं राखीव असतात. सिनेमाच्या डीव्हीडीवर नटांच्या मुलाखती जोडलेल्या असतात ना, तसं ते समजून घेतं, आणि ती सामग्री यादीत वेगळी न दाखवता मुख्य सिनेमाच्या पोटात ढकलतं. ज्यांच्या विहिरीचा प्रश्न त्यांचं बोलणं पुरवणीत गेलं. फोल्डरचं नाव 'मुलाखती' केलं आणि एकोणीसच्या एकोणीस बाहेर आल्या. मराठीने असं कधी कधी काम होतं.

आणि कधी कधी मराठीनेच अडतं. सुनावणीच्या चित्रीकरणाचे सात भाग. आपल्या फोटोग्राफर मित्राने मोठ्या निगुतीने प्रत्येकाला पूर्ण नाव दिलं होतं, तारीख, गाव, तालुका, विषय, भाग क्रमांक. चौथ्या भागापासून तर कोणत्या वाडीची माणसं बोलली तेही. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर प्रत करताना पहिले तीन आले, पुढचे चार आलेच नाहीत. कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ पद्धतीत फाइलीचं नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. त्यात काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'जनसुनावणी' या एका शब्दालाच २७ बाइट गेले. म्हणजे मराठी नाव साधारण ८५ चिन्हांत बसवायचं. विंडोजच्या डिस्कवर अक्षरं मोजली जातात, बाइट नाही, म्हणून तिथं तेच नाव आरामात बसलं होतं. नावं छोटी केली, चारही भाग आले.

सातवा भाग यादीत आला पण चालेना. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपल्यामुळे फाइल नीट बंद झाली नव्हती. एमपी-४ फाइलीत कुठलं चित्र कुठं आहे याची अनुक्रमणिका असते आणि ती बहुतेक कॅमेरे शेवटी लिहितात. ती नसेल तर चित्रं आत असूनही कोणाला वाचता येत नाहीत. अनट्रंक नावाचं एक साधन आहे. त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुन्याला दिली की ते अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. सहावा भाग नमुन्याला दिला. अकरा मिनिटं परत मिळाली. सांडपाण्याचं काय करणार या प्रश्नाला दिलेलं उत्तर त्या अकरा मिनिटांत आहे.

एवढी खटपट करण्यापेक्षा सरकारी प्रत का मागवत नाही, असं एका वाचकाने विचारलं. मागवली होती. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुनावणीचं संपूर्ण चित्रीकरण करायचं असतं आणि त्याची प्रत इतिवृत्तासोबत पुढे पाठवायची असते. माहिती अधिकार कायद्यात तर टेप, व्हिडिओ कॅसेटच्या रूपात माहिती मिळवण्याचा हक्क चक्क शब्दांत लिहिलाय. संबंधित कार्यालयाचं नाव घेत नाही. अर्जाला उत्तर आलं की सीडी आहे पण उघडत नाही. मी गेलो. तिथल्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती! माणसं भली होती. मी घरून बाहेरचा ड्राइव्ह नेला, पाकिटातली सीडी लावली, व्हीएलसीत उघडली. छान चालली. सव्वा तास. व्यासपीठाची ओळख, स्वागत, प्रकल्पाचं सादरीकरण आणि पहिले दोन प्रश्न.

सीडीवर स्केचपेनने लिहिलं होतं, १/३.

बाकीच्या दोन सीडी त्या पाकिटात नव्हत्या, फाइलीत नव्हत्या, कपाटात आम्ही मिळून शोधल्या तिथंही नव्हत्या. त्या कोणी मुद्दाम काढल्या असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण लोकांनी बोलायला सुरुवात केली ती पहिली सीडी संपता संपता. इतिवृत्तात त्या पुढच्या पावणेदोन तासांची दोन पानं आहेत. एका आजीने बाटलीत आपल्या विहिरीचं पाणी आणून व्यासपीठावर ठेवलं होतं आणि अधिकाऱ्यांनी ती बाटली हातात घेऊन बघितली होती. इतिवृत्तात त्याचं एक वाक्य आहे, की पाण्याच्या गुणवत्तेबाबत शंका उपस्थित करण्यात आली. आपल्या पाचव्या भागात ती बाटली दिसते. आजी आता नाहीत. त्यांच्या नातसुनेने गेल्या महिन्यात फोन केला होता, तेव्हा मी सांगितलं होतं की सापडली की कळवतो. परवा ती येऊन बघून गेली. तीन वेळा बघितलं.

तर आता कामाचं. सातही भाग आणि एकोणीस मुलाखती येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून माझ्याकडे लावणार आहे. ज्यांना सुनावणीत बोलायचं आहे त्यांनी वही घेऊन या, पाहिजे तिथं थांबवू, मागे नेऊ. प्रत हवी असेल तर रिकामी डिस्क किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणा. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून आणा, एफएटी-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि जोडून केलेली पूर्ण सुनावणी त्याहून मोठी आहे. पर्यावरण अहवालाचा मसुदा ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो, तो आलाय का ते सोमवारी मी जाऊन बघतो. कोणाला त्याआधी दिसला तर इथं खाली लिहा.

आणि त्या दिवशी सुनावणीला मोबाइलवर शूटिंग केलेले दोघं-तिघं होते, मला चेहरे आठवतात. जुना फोन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर चार्ज करून बघा. चालू होत नसेल तरी घेऊन या.