सायकलीमागं घर, समोर समुद्र

जीपमागे कॅराव्हॅन जोडून सुट्टीवर निघालेली फॅमिली आपण इंग्लिश पिक्चरमध्ये कैकदा पाहिलीय. आता जीप काढा आणि तिथं इलेक्ट्रिक सायकल लावा. हसू नका, डेन्मार्कमध्ये हे खरंच चालतं! वाइड पाथ या तिथल्या कंपनीनं आणलेला घडीचा कॅम्पर वजनाला 40-50 किलोच्या आसपास. सायकलीमागं ओढत न्यायचा, मुक्कामाला काही मिनिटांत उघडायचा, की दोघांना झोपण्यापुरती खोली तयार.

डेन्मार्कच का?
कारण तिथं घाट नाहीत. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक टेकडी जेमतेम 171 मीटर. ई-बाइकला हेच हवं असतं. युरोपातल्या नियमानुसार मोटर 250 वॉटची आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद. तुम्ही, सायकल आणि कॅम्पर मिळून 150 किलो धरा. एवढं ओझं घेऊन खोपोलीहून खंडाळ्याला, म्हणजे साधारण 500 मीटर वर चढायचं, तर नुसत्या उंचीलाच 200 वॉट-अवर लागतील. सगळा भार मोटरवर टाकलात तर 500 वॉट-अवरची बॅटरी घाटातच निम्मी खल्लास!

चला, निघू या
आपला रूट फ्यून बेटाच्या दक्षिणेचा, स्वेनबोर्ग ते रुडकोबिंग. अंतर साधारण 20 किलोमीटर. ट्रिप फ्यूनवरूनच सुरू करा, कारण कोपनहेगनकडून येताना लागणाऱ्या स्टोअरबेल्टच्या पुलावर सायकलला मनाई आहे.

स्वेनबोर्ग सोडताच 1966 साली खुला झालेला पूल लागतो. खालून जहाजं जावीत म्हणून तो पाण्यापासून 33 मीटर उंच आहे. हा चढ बॅटरी सहज निभावते. खरी परीक्षा वाऱ्याची. कॅम्परची उभी भिंत आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते आणि उतारावर मागचं वजन सायकलला पुढं ढकलतं. वेग आधीच कमी करा, वळणावर कचकन ब्रेक मारू नका. वारा फारच असेल तर सरळ थांबा. कॉफी प्या, पूल कुठं पळून जात नाही!

पलीकडे तोसिंगे बेट. वाट थोडी वाकडी करून ट्रोएन्स गावातली जुनी टुमदार घरं बघा. ब्रेग्निंगेच्या चर्चची टेकडी सत्तरेक मीटर उंच. कॅम्पर खालीच लॉक करून वर जा. मनोऱ्यावरून चहूकडे बेटंच बेटं दिसतात. मग दुसरा पूल, 1962 चा, आणि तुम्ही लांगेलँडवर!

रुडकोबिंग हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांचं गाव. 1777 मध्ये इथल्या औषधविक्रेत्याच्या घरी ते जन्मले. विजेच्या प्रवाहानं होकायंत्राची सुई हलते, हे त्यांनी 1820 मध्ये दाखवलं. इलेक्ट्रिक मोटरची गोष्ट तिथूनच सुरू झाली. म्हणजे तुमची सायकल एका अर्थी माहेरीच आलीय!

मुक्काम कुठं?
घर सोबत असलं तरी ते वाटेल तिथं मांडता येत नाही. कॅम्पसाइट शोधा, नाहीतर जागामालकाची परवानगी घ्या. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी, तेव्हा बुकिंग आधीच करा. प्लग पॉइंट असलेली जागा मागा, रात्रीत बॅटरी फुल्ल.

सामान मात्र मोजूनमापून. कॅम्परमध्ये जागा आहे म्हणून भरत सुटलात, तर एकेक किलो पुलावर हिशेब मागेल. दिवसाला 30-40 किलोमीटर पुष्कळ झाले. जूनमध्ये तिथं रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि घर तर तुमच्या मागंच आहे. पोचायची घाई कुणाला?