आधी गाडी जुंपा

आमच्या आबांना विंचू उतरवता यायचा. आबा म्हणजे माझे आजोबा, वडलांचे वडील. सिल्लोड तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. रान मुरमाड, दगडाचं. दगड उचलला की खाली विंचू. घरं दगडामातीची, त्यांच्या फटीत विंचू, सरपणात विंचू, गोवऱ्यांच्या हुडव्यात तर हमखास. मृग लागला, पहिला पाऊस पडून जमिनीतून वाफ निघायला लागली, की दोन-तीन दिवसांआड रात्री दारात हाक यायची, "आबा, उठा हो, इच्चू चावला."

आबा उठायचे. चूळ भरायचे. अंगणातल्या लिंबाचा डहाळा मोडून घ्यायचे आणि कंदील माझ्या हातात द्यायचे. माणूस ओट्यावर बसवलेला असायचा, ठणक खांद्यापर्यंत चढलेला. आबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत खांद्यापासून खाली डहाळा फिरवायचे.

"आता कुठं हाय?"

"दंडात."

पुन्हा पुटपुटणं, पुन्हा डहाळा.

"आता?"

"कोपरात आला जी."

असं करत ठणक मनगटात, मग बोटात. तास-दीड तासात माणूस शांत व्हायचा आणि घरी जाऊन झोपायचा. आबा चहाचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. पैसा घेतला की मंत्राचा गुण जातो, असं त्यांना त्यांच्या गुरूनं सांगितलं होतं. मंत्र ग्रहणात जागवावा लागतो. 16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण होतं, तेव्हा सगळं गाव दारं लावून आत बसलेलं आणि आबा एकटे नदीत गुडघाभर पाण्यात उभे. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. मला त्यांचा एवढा अभिमान वाटत होता, की सांगता येत नाही.

त्याच वर्षीच्या मृगात शेजारच्या काकूंच्या धाकट्याला विंचू चावला. सात वर्षांचं पोरगं. मी अकराचा. दिवसभर माझ्या मागं मागं असायचं. आईनं सांजच्याला चुलीसाठी गोवऱ्या आणायला धाडलं आणि हुडव्यात हात घातला तिथंच डंख बसला. कोणीतरी तो विंचू चपलेनं मारून आणला. लहानसा, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढा. आमच्याकडचे काळे विंचू वीतभर असतात, त्यामुळं तो बघून सगळ्यांना हायसंच वाटलं. "एवढुसा तर हाय," कोणीतरी म्हणालं.

पोरगं आधी खूप ओरडलं. आबांनी डहाळा फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्याला दोनदा ओकारी झाली. मग घाम सुटला, इतका की सदरा पिळून काढावा. हातपाय गार पडले. पण ओरडणं थांबलं होतं.

"आता कुठं दुखतंय रं बाळा?"

"न्हाई दुखत," ते पुटपुटलं.

आबांनी डहाळा खाली ठेवला. "उतरला," म्हणाले. काकूंनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आम्ही घरी आलो, झोपलो.

मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा हाक आली. पोराला धाप लागली होती, ओठांवर फेस होता. तेव्हा गावात एकही फटफटी नव्हती. बैलं सोडून आणायची, गाडी जुंपायची, रस्ता चिखलाचा. उजाडता उजाडता सिल्लोड दिसायला लागलं आणि काकूंच्या मांडीवरच ते गेलं. तरी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर रागावले नाहीत. विंचू कसा होता ते विचारलं आणि म्हणाले, "लहान लालच वाईट असतो. रात्रीच आणायचं."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आबा मारुतीच्या पारावर गेले. संध्याकाळची वेळ, माणसं बसलेली. आबा उभ्यानं म्हणाले, "मह्या हातून पोरगं गेलं. मह्या भरवशावर तुम्ही गाडी जुंपली न्हाई." लोक म्हणाले, आबा काहून मनाला लावून घेता, आयुष्यच तेवढं होतं. आबांनी मान हलवली. "आयुष्याचं मला म्हाईत न्हाई. दुखत न्हाई म्हनलं आन् मी उतरला म्हनलो, हे मला म्हाईत हाय."

त्यानंतर मंत्र बंद झाला, असं वाचकांना वाटेल. तसं झालं नाही. महिन्याभरात पुन्हा हाक आली, आबा उठले, चूळ भरली, डहाळा तोडला आणि दारातूनच ओरडले, "आधी गाडी जुंपा! मंत्र गाडीत म्हनतो."

मग ते तसंच चालू राहिलं. बैलगाडी, पुढं पुढं कोणाची तरी जीप, ट्रॅक्टर. चावलेल्या माणसाचा हात मांडीवर घेऊन आबा सिल्लोडपर्यंत पुटपुटत बसायचे. दवाखान्याच्या पायरीशी डहाळा टाकून द्यायचे आणि बाहेर बाकड्यावर बसून राहायचे. माणूस घाबरत नव्हता, वाटेत कोणी ब्लेडनं चिरा देत नव्हतं, करकचून दोरी बांधत नव्हतं. मंत्राचा तेवढा उपयोग मला आजही मान्य आहे.

पुढं मी विज्ञानाचा मास्तर झालो, तेव्हा आबांचा मंत्र इतकी वर्षं लागू का पडत होता ते कळलं. मोठ्या काळ्या विंचवाच्या डंखाचा ठणका भयंकर असतो, पण मोठ्या माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. काही तासांत दुखणं आपोआप ओसरतं. आबा डहाळा फिरवोत की झोप काढोत. लाल विंचवाचं विष वेगळं. ते शरीरातल्या मज्जातंतूंना असं काही पेटवतं, की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि मग फुफ्फुसात पाणी भरतं. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय ही त्याची सुरुवात. आम्ही त्यालाच उतार समजलो.

आणि एक गोष्ट कळली, ती आबांना सांगायला मी मुद्दाम गावी गेलो. ज्या काळात आमच्या शेजारचं पोरगं गेलं, त्याच काळात आमच्याच भागातला एक माणूस तिकडं कोकणात याच विंचवाशी झुंजत होता. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. भोकरदन आज जालना जिल्ह्यात आहे, पण 1981 पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे सिल्लोडच्या शेजारचंच. 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. लाल विंचवानं माणसं मरत होती. हे रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसायचे आणि काय काय होतं ते टिपून ठेवायचे. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. 1986 मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. अंगात विष पसरलेल्या रुग्णांपैकी पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावायचे, ते एक-दोनावर आले. पुढं हाफकिनचं विंचवावरचं प्रतिविष आलं, तेव्हा नुसती गोळी आणि प्रतिविषासह गोळी अशी तुलना त्यांनी केली आणि 2011 मध्ये तीही छापली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी हे सांगितलं तेव्हा आबा थकले होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो डॉक्टर मेलेल्यांचंबी लिहून ठेवतो का?"

"हो. सगळ्यांचं."

"मंग खरा असंल," आबा म्हणाले. "मी वाचलेलेच मोजायचो."

आबांनी तो मंत्र कोणाला दिला नाही. मी मागितला होता, नुसता कुतूहल म्हणून. नाही म्हणाले.

शाळेत मी आबांची गोष्ट दरवर्षी सांगायचो आणि तिच्या जोडीला कावीळ उतरवण्याचा प्रयोग करून दाखवायचो. आमच्याकडं कावीळ झाली की अजूनही हात धुवून घ्यायला नेतात. चुन्याच्या निवळीनं हात धुतले की परातीतलं पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ बाहेर पडली! करामत आंब्याच्या सालीची असते. सालीचा रस हाताला आधी लावलेला असतो, तो चुन्यात पिवळा होतो. मी हे हेडमास्तरांच्या हातावर करून दाखवायचो. त्यांना कधीच कावीळ झालेली नव्हती, तरी पाणी पिवळंधमक. पोरं टाळ्या वाजवायची. साथीतली बरीचशी कावीळ विश्रांतीनं काही आठवड्यांत आपसूक बरी होते, श्रेय परातीला मिळतं. पण बाईला दिवस गेलेले असतील, किंवा पित्ताची नळी खड्यानं तुंबलेली असेल, तर हात धुण्यात घालवलेले आठ दिवस महागात पडतात. हे सगळं मी पोरांना छान समजावून सांगायचो.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही शहरात, सिडकोत राहायला आलो. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखायचे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. औरंगपुऱ्यात भाजी घेऊन आम्ही हळूहळू चाललो होतो. एक चांगल्या कपड्यातला गृहस्थ जवळ आला. "मावशी, गुडघे का? माझ्या आईचं अगदी असंच होतं. जिना चढता येत नव्हता. आता पंढरपूरला पायी जाऊन आली." त्यानं काही विकलं नाही, काही मागितलं नाही. एका वैद्याचा फोन नंबर तेवढा दिला आणि निघून गेला. कोणी काही विकत नाही म्हटल्यावर माणूस बेसावध होतो. आबासुद्धा चहा घेत नव्हतेच की.

वैद्य घरी आला. पितळेची तुंबडी, पुड्या, नम्र बोलणं. गुडघ्यात पू साठलाय म्हणाला, एका तुंबडीचे दोन हजार. मी मनात धरलं, दोन-तीन तुंबड्या लागतील. त्यानं बारीक चिरा दिल्या, वर भुकटी चोळली, तुंबडी लावून ओढलं आणि ताटलीत टाकलं. पिवळं! ही म्हणाली, "अगं बाई, केवढा पू." मीही बघतच राहिलो. तेवीस तुंबड्या झाल्या. शेहेचाळीस हजार. अर्धवट सोडलं तर पाय कायमचा जाईल, असंही त्यानं मध्येच सांगून ठेवलं होतं. दुपारी बँकेत जाऊन मी ठेव मोडली.

चौथ्या दिवशी चिरा चिघळल्या. हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "सर, गुडघ्यात खरंच पू झाला असता तर मॅडम तापानं फणफणल्या असत्या. जिना चढून माझ्याकडं आल्या नसत्या." एक्स-रेमध्ये झीज होती, वयाप्रमाणं. त्यांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज दोनदा करायला सांगितला, वजन सहा किलो कमी करायला सांगितलं, आणि फार दुखलं तरच गोळी. खरा सल्ला इतका बेचव असतो, की पैसे देऊन घेतल्यासारखाच वाटत नाही. हिनं तो व्यायाम वर्षभर केला. जिना चढते आता, कठड्याला धरून. पंढरपूरला पायी जात नाही.

त्या वैद्याचा फोन लागेना. हेडमास्तरांच्या हातावर जी करामत मी वीस वर्षं करून दाखवली, तीच माझ्या घरात, माझ्या ताटलीत, माझ्यासमोर झाली होती आणि मी ओळखली नाही. रंग बदलणाऱ्या पुडीची करामत. लग्नाच्या बायकोचं दुखणं असलं की माणूस मास्तर राहत नाही.

मी कोणाला बोललो नाही. मुलाला व्यायामाचं सांगितलं, तुंबड्यांचं नाही. पोलिसात जायचं तर नाव छापून येईल, विज्ञानाचे सर फसले म्हणून. महिना गेला. मग कळलं, आमच्याच गल्लीतल्या एका विधवा बाईंकडं तसाच माणूस येऊन गेला होता. त्यांचे तीस हजार गेले. मी आधी बोललो असतो तर गेले नसते.

त्या रात्री मला पारावर उभे राहिलेले आबा आठवले. सातवीपर्यंतही न शिकलेला माणूस अख्ख्या गावापुढं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना घेऊन चौकीत गेलो, तक्रार दिली. पुढं गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं, आकड्यासकट. चार-दोन तरुण पोरं हसली. पण आरती संपल्यावर तीन म्हातारी माणसं एकेक करून बाजूला येऊन भेटली. एकाला गुडघ्याचा, एकाला मुतखड्याचा, एकाला साखरेचा वैद्य भेटला होता. साखरेवाल्यानं पुड्या सुरू करून दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. त्यांना मी तसाच हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. साखर चारशेच्या वर होती.

आता तर कायदाही आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं झगडले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत सरकारनं वटहुकूम काढला. मी कायदा वाचला तेव्हा पहिल्यांदा आबांचाच विचार मनात आला. अडवून धरलं तर गुन्हा. आबांनी 1980 नंतर कोणाला अडवलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये रात्री साडेदहाला पुतण्याचा गावाहून फोन आला. त्याच्या पाच वर्षांच्या पोरीला विंचू चावला होता. सरपण काढताना, लहान, तांबूस. मी ताडकन उठून बसलो.

"कुठं आहात तुम्ही?"

"सिल्लोडच्या दवाखान्यात, काका. अर्ध्या तासात आणलं. गोळी दिली, सलाईन लावलंय. रात्रभर ठेवून घेणार म्हनले."

"घाम? ओकारी?"

"एकदा वकली. डॉक्टर दर थोड्या वेळानं बीपी बघतायत."

मागून पोरीचा आवाज येत होता. जोरजोरात भोकाड पसरून रडत होती, हात दुखतोय म्हणून. आणि त्याच्या मागं, अगदी बारीक, माझ्या म्हाताऱ्या वहिनीचं काहीतरी पुटपुटणं. मारुतीस्तोत्र असावं.

"आईला गप बसवू का?" पुतण्यानं विचारलं. "नर्स बघायलीय."

"राहू दे," मी म्हणालो. "आणि पोरगी रडायची थांबली तर लगेच डॉक्टरला हाक मार. शांत झोपली असं समजू नको."

सकाळपर्यंत मी फोन हातातून ठेवला नाही. सहा वाजता तो वाजला, आणि पलीकडून पोरगीच बोलली. तिला बिस्किटचा पुडा हवा होता.